एकाच ट्रेमधली दोन दुधं: इंग्लंडच्या शाळेतलं मोफत दूध आणि सवलतीचं दूध

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेचा सगळ्यात लहान वर्ग म्हणजे रिसेप्शन. मुलं चार-पाच वर्षांची. सकाळी दुधाचा ट्रे येतो, त्यात सगळ्यांसाठी सारखंच माप: एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १८९ मिलिलिटर. पण शेजारीशेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं दूध मोफत असतं आणि दुसऱ्याच्या घरून पैसे भरावे लागतात. हा फरक वाढदिवसाचा आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की मूल एका योजनेतून बाहेर पडतं आणि दुसरीत जातं. वर्ग, बाई आणि दूध तेच. नव्याने तिकडे गेलेल्या मराठी पालकांना वर्षाच्या मध्येच दुधाचं बिल आलं, तर काहीतरी चुकलंय असंच वाटणार.

मोफत दुधाची योजना ती नर्सरी मिल्क. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पोषण-योजनेत आहे आणि पैसे आरोग्य खात्याचे. पाच वर्षांखालचं मूल दिवसातले किमान दोन तास पाळणाघरात, बालवाडीत किंवा शाळेत असलं की त्याला रोजचं हे माप मिळतं.

सवलतीच्या दुधाचं घराणंच वेगळं. युरोपीय समुदायाने १९७७ मध्ये शालेय दुधाला अनुदान सुरू केलं तेव्हा युरोपात दुधाचा महापूर होता आणि तो कुठेतरी जिरवायचा होता. मुलांची हाडं मजबूत व्हावीत हा हेतू नव्हताच असं नाही, पण पैसा शेतीच्या तिजोरीतून आला, हे विसरून चालत नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये हे अनुदान रूरल पेमेंट्स एजन्सी देते. शेतकऱ्यांची अनुदानं वाटणारं कार्यालय तेच. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने ही सवलत स्वतःची म्हणून चालू ठेवली. इथे दूध फुकट नसतं. किंमत थोडी कमी होते, बाकीचे पैसे पालक भरतात.

‘थॅचरबाईंनी शाळेचं दूध बंद केलं’ हे वाक्य या गोंधळात भर घालतं. १९४६ च्या कायद्याने शाळेतल्या सगळ्या मुलांना दूध मोफत झालं. माध्यमिक शाळांचं दूध १९६८ मध्ये विल्सन यांच्या मजूर सरकारनेच थांबवलं, त्याबद्दल कुणी त्यांना टोपणनाव दिल्याचं ऐकिवात नाही. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री असताना मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं दूध काढलं आणि ‘मिल्क स्नॅचर’ (दूध हिसकावणारी) हे नाव त्यांना जन्माचं चिकटलं. उरलेल्या लहान मुलांना दूध देण्याचं कौन्सिलवरचं, म्हणजे स्थानिक प्रशासनावरचं, बंधन १९८० मध्ये गेलं. नर्सरी मिल्क मात्र यातून सुटलं. २०१० मध्ये आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री अ‍ॅन मिल्टन यांनी तेही बंद करण्याचा विचार मांडला, तेव्हा पंतप्रधान कॅमेरून यांच्या कार्यालयाने तातडीने तो फेटाळला. जुनं टोपणनाव कुणाला पुन्हा नको होतं.

आता कौन्सिलकडे येऊ. एखादी कौन्सिल ‘यापुढे दुधाचं काम शाळांनी बघावं’ असं पत्र काढते, तेव्हा पालकांचा अर्थ ठरलेला: दूध बंद. पण अनुदान बंद होणं आणि अनुदान मागणारा बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा कौन्सिलचा नव्हताच. ती फक्त मधली: डेअरीशी करार करायचा, सगळ्या शाळांचे आकडे गोळा करायचे, दावा लावायचा, आलेले पैसे किमतीतून वळते करायचे. ते टेबल रिकामं झालं की अर्ज, नोंदणी, रोज किती मुलांनी किती दूध घेतलं याची नोंद आणि मुदतीत दावा हे सगळं शाळेच्या ऑफिसात येऊन पडतं. युरोपीय योजना होती तेव्हा प्रवेशद्वारापाशी तिचा पोस्टर लावणंही सक्तीचं होतं.

हे एका दिवसात घडलेलं नाही. १९८८ च्या शिक्षण कायद्याने बजेट शाळांच्या हातात दिलं. २०१० नंतर अनेक शाळा अकॅडमी होऊन कौन्सिलच्या ताब्यातून बाहेर पडल्या आणि त्याच काळात कौन्सिलांचे खर्च कापले गेले. शाळाच हाताखाली उरल्या नाहीत, तर त्यांच्या दुधासाठी माणूस कोण ठेवणार?

कागदावर हे बरोबर दिसतं, पण हिशेब मांडून बघा. २००८ पासूनचा युरोपीय दर १०० किलो दुधाला १८.१५ युरो होता. म्हणजे एका मुलाच्या एका दिवसाच्या दुधामागे साडेतीन सेंट. चाळीस मुलं, शाळेचे १९० दिवस, असं धरलं तर वर्षाला सुमारे २७० युरो. त्यावर ब्रिटिश सरकारची थोडी भर, बस. एवढ्यासाठी छोट्या शाळेतल्या एकुलत्या एक क्लार्कने वर्षभर तक्ते भरायचे. शंभर शाळांचं काम एका टेबलावर होत असेल, तर तेच अनुदान २७ हजार युरोंच्या आसपास जातं आणि त्यासाठी एक माणूस ठेवणं सार्थकी लागतं. शाळेला तिचं दूध सांभाळू द्या, या म्हणण्यात मला म्हणूनच थोडी लबाडी दिसते. जबाबदारी खाली उतरते; ती पेलणारा माणूस वरच कमी झालेला असतो.

त्यामुळे बऱ्याच शाळा तिसरी वाट धरतात. दूध पुरवणारी कंपनीच दावा लावते, पालकांकडून ऑनलाइन पैसे घेते आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा नर्सरी मिल्कचा हिशेबही वेगळा ठेवते. सोय आहे यात वाद नाही. पण मग पुरवठादार बदलायचा म्हटलं की दाव्यांची व्यवस्थाही नव्याने बसवावी लागते, आणि शाळा सहसा त्या फंदात पडत नाही.

मुख्याध्यापकांनी हे काम अंगावर घेण्याआधी आणखी एक गट मोजायला हवा. जानेवारी २०१५ पासूनच्या शालेय आहाराच्या नियमांनुसार शाळेच्या वेळेत दिवसातून एकदा तरी दूध उपलब्ध ठेवावं लागतं, आणि कमी उत्पन्नामुळे मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलांना ते मोफत द्यावं लागतं, मग ती पाच वर्षांची असोत की दहा. पाच वर्षांवरच्या अशा मुलांच्या दुधाला नर्सरी मिल्कचा पैसा मिळत नाही. सवलत वजा जाऊन उरलेली रक्कम पालकांकडे मागता येत नाही. ती शाळेच्या बजेटमधून जाते.