गिअर ऑईलची गळती (स्कूटर)

स्कूटरच्या गिअर पेटीतले वंगण सील (फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी कडे), पॅकिंग, ओ-रिंग किंवा बोल्टच्या आट्यांतून पेटीबाहेर जाणे म्हणजे गिअर ऑईलची गळती. पेटीबाहेर गेलेले तेल दरवेळी जमिनीवरच पडते असे नाही. ते मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, बेल्टच्या कव्हरमध्ये साचते, आणि टू-स्ट्रोक इंजिनात तर सिलिंडरमध्ये जळून सायलेन्सरमधून धूर होऊन निघूनही जाते. फरशीवर डाग पाडणारी गळती त्यातल्या त्यात साधी. ब्रेक निकामी करणारी किंवा पेटी कोरडी पाडणारी गळती बहुधा डोळ्यांना दिसत नाही.

महाराष्ट्रात ही तक्रार बराच काळ बजाज चेतकच्या नावाशी जोडलेली होती. इटलीत १९४६ साली आलेल्या व्हेस्पाच्या घराण्यातली ही गाडी १९७२ मध्ये बाजारात आली आणि २००० च्या दशकात तिचे उत्पादन थांबले. (आजची विजेवरची चेतक फक्त नावाची वारसदार, पुढचे वर्णन तिला लागू नाही.) पुष्कळ घरांच्या ओसरीत गाडीखाली कायमचा एक पुठ्ठा असे. तो बदलला जाई, सील बदलले जात नसे.

रचना : व्हेस्पा घराण्यातल्या स्कूटरला चेन नसते. इंजिन, क्लच, गिअर आणि मागचे चाक एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवलेले असते. गिअर पेटीतून बाहेर येणारा शाफ्ट हाच मागच्या चाकाचा आस असल्याने तेल आणि ब्रेक यांच्यामध्ये एका रबरी सीलचाच काय तो आडपडदा. पेटीत सुमारे २५० मिली तेल बसते. ते एसएई ३० जातीचे (हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो) असते, आणि क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात. हे विसरून गळती कमी व्हावी म्हणून जाड ‘नव्वद नंबर’चे तेल ओतणारे कारागीर अजून भेटतात. त्याने गळती फार तर मंदावते. क्लच मात्र नीट सुटेनासा होतो आणि न्यूट्रल सापडेनासे होते.

पेटीच्या दुसऱ्या अंगाला क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) फिरतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या खोलीत आळीपाळीने दाब आणि ओढ तयार होत असते. या खोलीच्या आणि गिअर पेटीच्या मधल्या भिंतीत क्लचच्या बाजूचे क्रँक सील असते. एकीकडे चाकाचे आणि दुसरीकडे क्रँकचे, या दोन सीलांभोवतीच गळतीचा बहुतेक इतिहास फिरतो. ड्रेन बोल्ट, क्लचचे झाकण, क्लचच्या दांडीची ओ-रिंग, किकचा शाफ्ट, गिअर बदलणाऱ्या डबीचे पॅकिंग या बाकीच्या जागा. तिथली गळती सहसा डोळ्यांना दिसते आणि तासाभरात दुरुस्त होते.

निदान : तेल जिथे दिसते तिथूनच ते निघालेले असते असे नाही. चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, उभ्या गाडीत ते कडेकडेने खाली उतरते आणि सगळ्यांत खालच्या बोल्टच्या टोकाला थेंब धरते. म्हणून ड्रेन बोल्टवर नाहक आळ येतो आणि तो आवळून आवळून ॲल्युमिनियमचे आटे जातात. आधी इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी. पावडरीतली ओली रेघ वर जिथे सुरू होते ती खरी जागा.

मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळे ओघळ असतील आणि मागचा ब्रेक लागत नसेल, तर चाकाचे सील गेले असे समजून ड्रम उघडावा. मात्र त्याआधी गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. चाक खेळत असेल तर बेअरिंग झिजले आहे. झिजलेल्या बेअरिंगवर नवे सील बसवले तरी ते काही महिन्यांत पुन्हा गळते, आणि दोष सीलच्या ‘डुप्लिकेट’पणावर टाकला जातो.

क्रँक सीलची गोष्ट वेगळी. गाडीखाली थेंबही नसतो, तरी तेल कमी होत राहते. क्रँकची ओढ ते आत खेचते. इंजिन तापल्यावरही निळसर-पांढरा धूर थांबत नाही, प्लग काळा आणि ओला होतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळतच असते, त्यामुळे मालकाला हा धूर नेहमीचाच वाटतो. उलटही घडते. दाबाच्या वेळी पेट्रोलमिश्रित हवा सीलमधून गिअर पेटीत घुसते, तेल पातळ होते, त्याची पातळी वाढते, आणि पेटीतला दाब तेलाला ब्रीदरमधून (पेटीची हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) किंवा मुळात धडधाकट असलेल्या दुसऱ्या सीलमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी बाहेरची गळती हा आतल्या गळतीचा परिणाम असतो. ड्रेनमधून काढलेले तेल मोजावे आणि हुंगावे. २५० मिलीपेक्षा बरेच कमी निघाले तर ओढ, जास्त निघाले आणि पेट्रोलचा वास आला तर दाब. या साध्या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही. रात्रभर पेट्रोलचा कॉक उघडा राहून कार्बोरेटर ओसंडला तरी असाच वास येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चक्राच्या) बाजूचे क्रँक सील गेले तर गाडी बाहेरची हवा ओढते आणि रेस चढती राहते. त्याचा गिअर ऑईलशी संबंध नाही.

कधी कधी काहीच बिघडलेले नसते, तेल जास्त भरलेले असते. गाडी सरळ उभी धरून भरण्याच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले की थांबायचे असते. गाडी तिरकी असताना भरलेले जादा तेल आणि चिखलाने बुजलेला ब्रीदर या दोहोंची जोडी जमली की नवे सीलही पाझरते.

दुरुस्ती : चाकाचे सील बदलताना ड्रम काढल्यावर, सीलचा ओठ ज्या गुळगुळीत गळ्यावर फिरतो त्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर चर पडली आहे. हलकी चर बारीक पॉलिश पेपरने घालवता येते. खोल चरीला ड्रम बदलणे बरे. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठाला ग्रीस लावावे आणि तेवढ्याच मापाचा गोल पाना ठेवून सील सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. जुने सील पेचकसाने उपटताना ते बसते त्या खोबणीवर ओरखडा पडला तर पुढे सीलच्या बाहेरून तेल येते. मधला नट पूर्ण आवळून कॉटर पिन नवी घालावी. हा नट सैल राहिला तर ड्रमच्या आतले दाते खातात. तेल पिलेले ब्रेक शू घासून पुन्हा लावू नयेत. ते तापले की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते.

क्रँक सीलसाठी इंजिन उतरवून दोन्ही केस (ठोकळ्याचे दोन अर्धे भाग) वेगळ्या कराव्या लागतात. मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट होत असल्याने त्याच खोलण्यात दुसऱ्या बाजूचे सील, बेअरिंग आणि सगळी पॅकिंगे बदलणेच परवडते. केसच्या जोडावरचे जुने पॅकिंग पेचकसाने खरवडल्यास ॲल्युमिनियमला खाचा पडतात. ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर नवे आटे पाडून घेणे हाच इलाज. एम-सील फासल्याने तेल तात्पुरते थांबते आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट निघत नाही.

विनागिअर स्कूटर : १९८४ च्या कायनेटिक होंडापासून रुळलेल्या या गाड्यांत गिअर बदलायचे नसले, तरी मागच्या चाकापाशी वेग कमी करणारी छोटी गिअर पेटी असतेच. मालकाला तिची आठवण बहुधा गळती झाल्यावरच येते. तेल १०० मिलीच्या आसपास, म्हणून थोडी गळतीही जड जाते. चाकाकडचे सील गेले तर ब्रेक भिजतो; बेल्टकडचे गेले तर क्लच शू आणि बेल्ट तेलकट होऊन गाडी उचल घेत नाही. बेल्टच्या कव्हरमध्ये इंजिनाचे तेलही क्रँक सीलमधून येऊ शकते, तेव्हा दोन्ही तेलांची पातळी पाहून ठरवावे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर हे तेल ताकासारखे पांढरट झाले असेल, तर तापलेली पेटी थंड पाण्यात गार होताना तिने ब्रीदरमधून पाणी ओढलेले असते. असे तेल लगेच बदलावे, आणि थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे.