लघु न्यूट्रॉन स्रोत (रेडिओग्राफीसाठी)

लघु न्यूट्रॉन स्रोत : अणुभट्टीविना, एखाद्या खोलीत किंवा ट्रकवर मावेल अशा कणवेगवर्धकातून न्यूट्रॉन मिळवण्याचे साधन. क्ष-किरण शिशात अडतात. मंद न्यूट्रॉन शिशातून सहज पार होतात, पण हायड्रोजनयुक्त पदार्थांत अडखळतात. त्यामुळे धातूच्या कवचातले रबर, तेल किंवा स्फोटक भुकटी न्यूट्रॉन रेडिओग्राफीत (न्यूट्रॉन आरपार पाठवून घेतलेल्या चित्रात) उठून दिसते.

न्यूट्रॉनचा शोध १९३२ चा. त्याच दशकात बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान आणि अर्न्स्ट कुन यांनी छोट्या वेगवर्धकावरच न्यूट्रॉन-चित्रणाचे पहिले प्रयोग केले, त्यामुळे लघु स्रोत तसे नवे नाहीत. पुढे अणुभट्ट्यांनी हे क्षेत्र व्यापले. कल्पक्कमच्या ३० किलोवॅटच्या ‘कामिनी’ अणुभट्टीत (१९९६) अणुइंधनाची आणि अवकाशयानांतील स्फोटक उपकरणांची अशी तपासणी होते.

लघु स्रोतात ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुमारे १०० किलोव्होल्टने वेगवान करून टायटॅनियमच्या लक्ष्यावर आदळवतात. टायटॅनियममध्ये ड्यूटेरियम मुरवलेले असेल, तर अणुकेंद्रांच्या संमीलनातून २.४५ एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) न्यूट्रॉन निघतात; ट्रिटियम (त्याहून जड हायड्रोजन) असेल, तर १४.१ एमईव्हीचे आणि संख्येने सुमारे शंभरपट. मात्र ट्रिटियम किरणोत्सारी, म्हणून परवाने आणि बंदोबस्त आलेच.

आयनांचा झोत लक्ष्यावर बारीक ठिपक्यात एकवटतात, त्याचे कारण भूमितीत आहे. झोत लक्ष्यावर जिथे पडतो तो ठिपका हाच न्यूट्रॉनचा दिवा. वस्तू ठिपक्यापासून १ मीटरवर आणि चित्र टिपणारा पडदा तिच्यामागे ५ सेंटिमीटरवर असेल, तर १० मिलिमीटरच्या ठिपक्याने कडा ०.५ मिलिमीटरने पुसट होते. १ मिलिमीटरच्या ठिपक्याने फक्त ०.०५ मिलिमीटरने. ठिपका मोठा ठेवून वस्तू आणि पडदा दोन्ही त्यापासून दूर न्यावेत, तर न्यूट्रॉन विरळ होतात आणि चित्राला तासन्‌तास लागतात.

खरी अडचण उष्णतेची. १२० किलोव्होल्ट आणि १ मिलिअँपिअर म्हणजे १२० वॅट. १ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर ते दर चौरस मिलिमीटरला सुमारे १५० वॅट पडतात, तेही जेमतेम मायक्रॉनभर जाडीच्या थरात. टायटॅनियम तापले की मुरलेला वायू सुटतो आणि न्यूट्रॉन घटतात. उपाय म्हणून लक्ष्य पाण्याने थंड ठेवतात किंवा फिरते ठेवतात. शिवाय सारख्या भाराचे आयन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे प्रवाह वाढवला की ठिपका पसरू पाहतो. प्रखरता आणि बारकावा यांची ही ओढाताण प्रत्येक आराखड्यात असते.

एकवटलेल्या झोताचा हा फायदा लक्ष्यातून थेट निघणाऱ्या वेगवान न्यूट्रॉनांपुरताच. ते मंद करण्यासाठी भोवती पॉलिथिलीन लावले, की न्यूट्रॉन त्या सगळ्या ठोकळ्यातून बाहेर पडू लागतात आणि बारीक ठिपका वाया जातो. वेगवान न्यूट्रॉन वापरावेत तर हायड्रोजनचा उठाव कमी होतो, आणि ते टिपायला स्फुरक (न्यूट्रॉन पडताच उजळणारा) पडदा जाड लागतो. तो जाड झाला की चित्र तिथेही पुसट होते. जपानच्या रिकेन संस्थेतील ‘रान्स’ हा स्रोत आकाराने मोठा आहे आणि त्यात ७ एमईव्हीचे प्रोटॉन बेरिलियमवर सोडतात. त्यावर पोलादाच्या गंजात मुरणाऱ्या पाण्याचे निरीक्षण झाले आहे.