पार्श्वभूमी : जुना सीआरओ आणि ‘कॅलिब्रेशन’चा घोळ

जुना सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन नाशिकमधल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे गेलं की तो आधी विचारतो, “नुसता चालू करून पाहिजे, की कॅलिब्रेशनसकट?” प्रश्न साधा वाटतो. पण गेल्या तीस वर्षांत सातपूर-अंबड या कारखान्यांच्या पट्ट्यातली जितकी धडधाकट यंत्रं या एका शब्दाने भंगारात घातली, तितकी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरांनी घातली नसतील, असं माझं मत आहे. ते मत का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नाही. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच डब्यात मोजणारा एव्हो इंग्लंडात १९२३मध्ये आला. त्याचं मॉडेल आठ १९५१मध्ये निघालं आणि किरकोळ बदल होत होत २००८पर्यंत बनत राहिलं. ट्रिगरवर चालणारा स्वीप (पडद्यावरच्या ठिपक्याची डावीकडून उजवीकडे धाव) असलेला टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा, म्हणजे ‘टेक’चा, ५११ हा १९४७चा. तोवर पडद्यावरची लाट सरकत असायची, ती एका जागी उभी राहिली. त्या यंत्राला आपल्याकडे सीआरओ म्हणतात आणि आजही म्हणतात, अगदी सपाट पडद्याच्या डिजिटललाही. कॅथोड रे गेली, आडनाव राहिलं.

नाशिकला मोजमापयंत्रांची खरी गर्दी झाली ती साठच्या दशकानंतर. १९६४मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, मग सातपूरची एमआयडीसी भरली, एकलहऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं, पुढे अंबड आणि सिन्नर. रिले, स्विचगिअर, इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक टेस्ट बेंच आणि त्या बेंचवर चार-सहा यंत्रं. मल्टिमीटरसाठी तर गावाबाहेर बघायचं कारणच नव्हतं, मोटवाने नाशिकरोडलाच बनायचा. वायरमनच्या पिशवीत मोटवाने आणि मोठ्या साहेबांच्या कपाटात एव्हो, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी होती.

१९९१पर्यंत परदेशी यंत्र मागवायचं म्हणजे आयात परवाना, परकीय चलनाची मंजुरी आणि वर्ष-दीड वर्षाची वाट. त्यामुळे आलेलं यंत्र मरू द्यायचं नाही, ही शिस्त आपोआप लागली. ठाण्याच्या आणि इंदूरच्या देशी यंत्रांचं सर्किट सोपं, सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळत, त्यामुळे ती तर कुणीही उघडायचं. १९८२च्या आशियाई स्पर्धांनंतर रंगीत टीव्ही घरोघरी पोचले आणि ते दुरुस्त करणाऱ्यांनी १० किंवा २० मेगाहर्ट्झचे सीआरओ घेतले. शालिमार, मेन रोड, एम. जी. रोडच्या आतल्या बोळांत जी दुरुस्तीची विद्या जमा झाली ती या टीव्हीवाल्यांची. सीआरओच्या पिक्चर ट्यूबमागे दोन हजारांपासून पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं. असा डबा उघडताना एक हात खिशात ठेवायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. बंद पडलेलं यंत्र थेट मेन्सला लावायचं नाही, १०० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये घालायचा. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. या एका बल्बाने किती ट्रान्सफॉर्मर वाचवले असतील याची मोजदाद नाही.

मात्र यंत्र चालू झालं की काम संपलं, अशी तेव्हाची समजूत होती. मागच्या पट्टीवर ११५ व्होल्टची खूण असलेलं यंत्र थेट २३०ला लावणं, विमानाच्या कामासाठी ४०० हर्ट्झवर चालणारं यंत्र घरच्या ५० हर्ट्झवर लावून ट्रान्सफॉर्मर तापवणं, हे अपघात सगळ्यांना माहीत होते. मापं किती खरी, हे विचारणारं मात्र कुणी नव्हतं.

ते विचारणं नव्वदच्या दशकात आलं, आयएसओ ९००१बरोबर. मानक १९८७चं, पण आपल्याकडच्या कारखान्यांनी ते धावत-पळत घेतलं ते १९९४च्या आवृत्तीच्या आसपास. त्यातलं कलम ४.११ तपासणी आणि मोजमापाच्या यंत्रांबद्दलचं. मालाची गुणवत्ता ठरवणारी यंत्रं ठरावीक मुदतीने कॅलिब्रेट करा, त्यांची स्थिती खुणेने किंवा नोंदीने दाखवा, आणि लावलेली जुळवणी कुणी हलवू नये अशी काळजी घ्या, असं ते म्हणत होतं. यातलं ‘किंवा नोंदीने’ सगळे विसरले आणि लक्षात राहिला तो स्टिकर. मालाशी संबंध नसलेल्या यंत्रावर ‘केवळ अंदाजासाठी’ अशी चिठ्ठी लावून ते या फेऱ्यातून बाहेर ठेवता येतं, हेही थोड्यांनीच केलं. ऑडिटर येणार म्हटल्यावर कोण वाद घालत बसणार? दुकानाच्या घंटेला व्होल्ट येतोय का हे बघायच्या मल्टिमीटरलाही तारखेचा स्टिकर लागला.

आता शब्दाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. पारिभाषिक मराठीत कॅलिब्रेशनला ‘अंशांकन’ म्हणतात, सरकारी हिंदीत ‘अंशशोधन’. एकात अंश आखणं आहे, दुसऱ्यात शोधन, म्हणजे शुद्ध करणं. नाशिकच्या कानाला दुसराच अर्थ पटला : कॅलिब्रेशन म्हणजे चुकलेलं यंत्र बरोबर करून देणं. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाची २००८ची आवृत्ती मात्र स्पष्ट बजावते की कॅलिब्रेशन आणि जुळवणी यांची गल्लत करू नका. कॅलिब्रेशन म्हणजे खात्रीच्या प्रमाणाशी ताडून हे यंत्र किती दाखवतं ते अनिश्चिततेसकट लिहून ठेवणं. काटा कुठे आहे ते लिहायचं, काटा हलवायचा नाही. हलवणं म्हणजे जुळवणी. आणि ‘हे यंत्र दिलेल्या मर्यादेत आहे’ असं म्हणणं म्हणजे पडताळणी.

याच्याशेजारी आपल्याकडे आणखी एक ओळखीची गोष्ट उभी होती, तराजूचं पासिंग. वजनमापेवाले येतात, तपासतात, शिक्का मारतात, दुकानदार वर्षभर मोकळा. ती कायद्याची पडताळणी आहे. पण कॅलिब्रेशनचा स्टिकर बघितला की स्टोअरकीपरच्या डोळ्यांपुढे तोच शिक्का यायचा. तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या आणि कारखान्याने बाहेर फोन करून ‘कॅलिब्रेशन करून द्या’ म्हटलं की समोरच्याने आपल्याला सोयीचा अर्थ घेतला.

सोयीचे अर्थ दोन होते. प्रयोगशाळेने यंत्र तपासलं, एका रेंजवर मर्यादेबाहेर सापडलं, तसा दाखला दिला. दाखला अगदी खरा. पण कारखान्यात त्याचा अर्थ ‘यंत्र नापास’ असा लागला आणि ते लिलावाच्या खोलीत गेलं. बाकीच्या अकरा रेंज उत्तम होत्या, हे दाखल्याच्या दुसऱ्या पानावर होतं. दुसरं पान कोण उलटतं?

दुसरा अर्थ दुरुस्तीवाल्याचा. त्याने यंत्र उघडलं, समोर प्रीसेटांची, म्हणजे जुळवणीसाठी स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरांची, रांग दिसली आणि हातातल्या मल्टिमीटरवर बघत बघत एकेक फिरवला. टेकसारख्या सीआरओत एक मूळ सप्लाय (आतला ठरावीक व्होल्टचा वीजपुरवठा) असते आणि बाकीच्या तिच्यावर बेतलेल्या असतात. ती मर्यादेत असेल तर तिला हात लावू नका, असं मॅन्युअल बजावतं, कारण ती हलली की व्हर्टिकल, स्वीप, फोकस, सगळंच पुन्हा जुळवावं लागतं. आमच्याकडच्या बेंचवर आलेल्या सीआरओंपैकी कितीतरींत खरा बिघाड एका टँटलम कंडेन्सरचा, पण त्याआधी कुणीतरी दहा प्रीसेट फिरवून ठेवलेले. कंडेन्सर बदलायला वीस मिनिटं, जुळवणी परत बसवायला दोन दिवस. त्यातून मोजायचा मीटरच सीआरओपेक्षा किमान चौपट खात्रीचा असावा, हा चारास एकचा जुना नियम. सीआरओची उभी अचूकताच तीन टक्क्यांच्या घरातली, म्हणजे इथे साधा साडेतीन अंकी मीटरही चालला असता. पण पाच-सहा अंकी मीटर आला की त्याला जुळवायला लागणारं प्रमाण गावात कुठून आणणार?

आणि सगळ्यात मोठं नुकसान दिसत नाही. फिरवण्याआधीचं वाचन कुणी लिहिलेलं नसतं. एखादा मीटर दरवर्षी थोडाथोडा एकाच दिशेने सरकत असेल तर पुढच्या वर्षी तो कुठे असेल हे सांगता येतं. प्रीसेट फिरवला की ती सगळी मालिका पुसली जाते. जुन्या यंत्राची किंमत त्याच्या वयात असते ती यामुळे : ज्याचं सरकणं माहीत आहे, ते यंत्र नव्याकोऱ्यापेक्षा भरवशाचं.

ऐंशीच्या दशकात प्रीसेट जाऊन त्यांची जागा आकड्यांनी घेतली तेव्हा हा घोळ आणखी वाढला. एचपी ३४७८ए या मल्टिमीटरमध्ये जुळवणीचे आकडे एका मेमरीत असतात आणि ती मेमरी तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगते. बॅटरी संपली किंवा बेफिकीरपणे काढली की मीटर धडधाकट, पण बेभान. टेकच्या २४६५बी या सीआरओच्या काही आवृत्त्यांत तेच काम डॅलस कंपनीच्या चिपमध्ये बॅटरीसकट बंद केलेलं. अशा चिपांचं आयुष्य कारखान्याने दहा वर्षांच्या घरातलं सांगितलं, कित्येक तीस वर्षं चालल्या, पण कधीतरी जाणारच. आता शहाणे लोक बॅटरीला हात लावण्याआधी मेमरीतले आकडे वाचून ठेवतात. नाहीतर यंत्र चालू ठेवून नवी बॅटरी जुनीला समांतर जोडतात आणि मग जुनी कापतात. सोल्डरिंग आयर्न मेन्सपासून सुटं असेल तरच. इथे दुरुस्ती कुठे संपली आणि जुळवणी कुठे सुरू झाली, हे सांगणं खरंच अवघड आहे.

बाकीचे शत्रू सगळ्या गावांत असतात तेच. आपल्याकडे त्यांत भर पडली ती २००५नंतरच्या लोडशेडिंगची. वीज येताना जो झटका यायचा त्याने मेन्सवरचे रिफा कंपनीचे कागदी कंडेन्सर धडाधड फुटले. त्यांचं पारदर्शक आवरण वयाने तडकतं, ओल आत जाते आणि एके दिवशी खोलीभर धूर. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा नदीलगतच्या बाजारातल्या दुकानांत पाणी शिरलं. गाळ बसलेलं यंत्र लगेच चालू करण्यापेक्षा ते गोड्या पाण्याने धुऊन, अल्कोहोलने पुसून, आठवडाभर वाळवलेलं बरं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्यांनी तसं केलं त्यांची यंत्रं उठली. सगळे कंडेन्सर सरसकट बदलावेत की मोजून खराब तेवढेच काढावेत, यावर दोन तट आहेत. मी दुसऱ्यात आहे. जुन्या बोर्डावर प्रत्येक सोल्डर काढताना एखादा तांब्याचा ट्रॅक उचलला जातोच.

यंत्रं दुरुस्तीवाल्यांच्या हाती पोचण्याची मुख्य वाट म्हणजे अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार. कारखान्याच्या लिलावातला लॉट तिथे किलोवर फुटायचा आणि तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर तोडला जाण्याआधी पोचलं तर सीआरओ वाचायचा. २०१७च्या जानेवारीत महापालिकेने तो बाजार उठवला. अतिक्रमण होतं, आगी लागायच्या, आसपासचे रहिवासी त्रासले होते, सगळं खरं. पण वाट बंद झाली ती झालीच. पुढे तो पुन्हा वसला, पुन्हा उठला.

त्याआधीच ई-कचऱ्याचे नियम आले होते, पहिले २०१२च्या मेपासून लागू झालेले. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या नियमांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत आणि त्यांत प्रयोगशाळेतली उपकरणं हा वेगळा गट आहे. कॉलेज असो की कारखाना, टाकाऊ यंत्र नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचं. हेतू चांगला आहे, शिसं आणि पिक्चर ट्यूबची काच नाल्यात जाऊ नये. मात्र ‘टाकाऊ’ कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी तोच स्टिकर : तारीख उलटली, नवा करून घेण्याचा खर्च चिनी डिजिटल सीआरओच्या किमतीच्या जवळ गेला, म्हणजे टाकाऊ. चालू स्थितीतला १०० मेगाहर्ट्झचा टेक ४६५ या हिशेबाने कचरा ठरतो.

तरीही काही यंत्रं घराघरांतल्या बेंचवर टिकली आहेत. एव्हो आठच्या मोठ्या ओहम रेंजला लागणारी १५ व्होल्टची बॅटरी सहज मिळत नाही. तिच्या जागी रिमोटच्या बेलची १२ व्होल्टची आणि घड्याळाच्या दुकानातले दीड व्होल्टचे दोन सेल एका नळीत बसवतात. आणि अलीकडे काही जणांनी एक सवय लावून घेतली आहे : झाकण उघडलं की प्रीसेटला हात लावण्याआधी प्रत्येक रेंजचं वाचन कागदावर पेन्सिलने लिहायचं, तारीख घालायची आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. माझ्याकडच्या एव्होच्या झाकणात असे तीन कागद आहेत. सगळ्यात खालचा कुणाचा आहे ते माहीत नाही. अक्षर सुरेख आहे, तारीख १९७८ची, आणि त्या १०० व्होल्टच्या रेंजवरचा काटा आज तिथून अर्धी रेघही सरकलेला नाही.