क्लाउड सुरक्षा कॅमेऱ्यांतील बँडविड्थ-बचत

घर, दुकान, गोदाम किंवा शेतावर बसवलेला जो सुरक्षा कॅमेरा आपले चित्रण इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर साठवतो, त्याने शक्य तितका कमी डेटा पाठवावा आणि तरीही घटनेचा पुरावा हातचा जाऊ नये, यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांचा या नोंदीत विचार केला आहे. सेकंदाला २५ फ्रेमचे, १,९२० × १,०८० बिंदूंचे (पिक्सेलचे) रंगीत चित्रण बिंदूमागे २४ बिट धरून जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १.२४ गिगाबिट लागतात. संक्षेपणानंतर, म्हणजे डेटा दाबून लहान केल्यावर (कॉम्प्रेशन), हा वेग सेकंदाला २ मेगाबिटांवर आला, तरी अखंड चित्रणाचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट आणि असे चार कॅमेरे महिन्याला सुमारे २.६ टेराबाइट डेटा पाठवतात. हा सारा भार अपलोडवर पडतो. टेलिफोनच्या तारेवरील जुन्या एडीएसएल जोडण्यांत तर अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने फारच कमी असे.

बचतीचे मूळ तत्त्व, म्हणजे दृश्यातील बदललेला भागच पाठवणे, कोणी प्रथम मांडले याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ते १९२९ च्या सुमारास रे डेव्हिस केल यांनी ब्रिटनमध्ये घेतलेल्या पेटंटपर्यंत मागे नेतात. इतर अभ्यासक बेल प्रयोगशाळेतील सी. चॅपिन कटलर यांच्या १९५२ च्या पेटंटला अग्रमान देतात. मात्र त्यात आधीच्या नमुन्यावरून पुढच्याचे अनुमान करून केवळ फरक पाठवण्याची पद्धत आहे, आणि ती चित्रणापुरती मर्यादित नाही. त्याच प्रयोगशाळेतील एफ. डब्ल्यू. माउंट्स यांनी १९६९ मध्ये मागील फ्रेम स्मृतीत साठवून फक्त बदललेले बिंदू पाठवण्याची रचना प्रसिद्ध केली. स्थिर कॅमेऱ्याच्या संदर्भात हाच पूर्वज अधिक थेट मानणे सयुक्तिक वाटते, कारण बंद दुकानासमोरच्या कॅमेऱ्याला रात्रभर जवळजवळ एकच चित्र दिसत असते. संक्षेपणाचा दुसरा आधार असलेले डिस्क्रीट कोसाइन रूपांतर (चित्राचे तुकडे कमी आकड्यांत मांडू देणारी गणिती रीत) नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडले.

स्वीडनमधील अ‍ॅक्सिस कंपनीचा १९९६ चा कॅमेरा हा सामान्यतः पहिला व्यापारी नेटवर्क कॅमेरा समजला जातो. सुरुवातीच्या अशा कॅमेऱ्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र जेपीईजी चित्र म्हणून पाठवण्याची पद्धत रूढ होती, म्हणजे फ्रेमांमधील साम्याचा काहीच लाभ मिळत नसे. एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) या चित्रण-संक्षेपणाच्या मानकांनी तो मिळवून दिला. तेवढ्याच दर्जासाठी दुसऱ्याला पहिल्याच्या साधारण निम्मा बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) पुरतो, असे मानले जाते. या पद्धतीत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे आय-फ्रेम, जाते आणि मधल्या फ्रेमांत केवळ बदल नोंदवले जातात. आय-फ्रेममधील अंतर वाढवले की डेटा वाचतो. परंतु मध्येच एखादे पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, हरवले, तर पुढच्या आय-फ्रेमपर्यंत चित्र फाटलेले राहते. म्हणून दृश्य शांत असताना हे अंतर आपोआप वाढवणारी आणि हालचाल दिसताच कमी करणारी 'स्मार्ट' संक्षेपणे आली. त्यांपैकी अ‍ॅक्सिसचे झिपस्ट्रीम २०१५ चे आहे.

सर्वांत मोठी बचत मात्र मुळात न पाठवण्यातूनच होते. अखंड चित्रण कॅमेऱ्यातील एसडी कार्डावर राहते आणि माणूस किंवा वाहन ओळखले गेले तरच, आधीच्या काही सेकंदांसह, छोटी क्लिप क्लाउडवर जाते. चोराने कॅमेरा कार्डासकट उचलून नेला तरी ती क्लिप सुरक्षित राहावी, यासाठी ती तत्काळ पाठवणे अगत्याचे असते. मोबाइलवर थेट पाहण्यासाठी कमी बिंदूंची सबस्ट्रीम, म्हणजे त्याच चित्रणाचा दुय्यम हलका प्रवाह, पुरते.

रात्रीचा प्रश्न स्वतंत्र आहे. अंधारात सेन्सरची संवेदनशीलता वाढवली की चित्रात कण दिसू लागतात आणि संक्षेपक त्या कणांनाही बदल समजून बिट खर्च करतो. काचेसमोर कोळ्याने जाळे विणले, तर कॅमेऱ्याच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात त्याचा धागा पांढराशुभ्र चमकतो, वाऱ्याने हलतो आणि रात्रभर खोट्या क्लिपा चढत राहतात. इथे महागड्या सॉफ्टवेअरआधी कोरडे फडके आणि दारावरचा एक साधा दिवा आजमावून पाहावा.

बचतीची मर्यादा पुराव्याच्या गरजेने ठरते. ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० बिंदू हवेत. माणूस आहे एवढेच कळण्यास २५ पुरतात. त्यामुळे प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्यात बिंदू कमी करण्यापेक्षा फ्रेमसंख्या २५ वरून १२ ते १५ वर आणणे श्रेयस्कर, जरी त्याने बिटरेट त्याच प्रमाणात घटत नाही, कारण लगतच्या फ्रेमांतील फरक वाढतो.

बागेत किंवा शेततळ्याकाठी बसवलेल्या सौर कॅमेऱ्यांत अनेकदा ४जी सिमकार्ड असते. रोजचा १.५ गिगाबाइटचा कोटा २ मेगाबिटच्या अखंड प्रवाहाला १०० मिनिटांत संपतो, म्हणून तेथे हालचालीपुरतेच चित्रण पाठवण्यावाचून गत्यंतर नसते.