कार्बोरेटरच्या ट्रक इंजिनातील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

जुन्या पेट्रोल ट्रकच्या टाकीतून कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जेटपर्यंत, म्हणजे बारीक छिद्रापर्यंत, जाताना पेट्रोल कुठे अडते, कुठे गळते किंवा कुठे गरजेपेक्षा जास्त येते, हे शोधण्याची पद्धत. इंजेक्शनच्या इंजिनात संगणक दोषाचा क्रमांक दाखवतो. इथे ती सोय नाही. त्यामुळे गाडी नेमकी केव्हा अडते हाच मोठा पुरावा ठरतो : थंड असताना की तापल्यावर, सपाटीला की चढाला, सुरू होताच की वीस मिनिटांनी. हे न विचारता थेट कार्बोरेटर खोलणे ही या कामातली जुनी खोड आहे. खोललेला कार्बोरेटर पुष्कळदा निर्दोष निघतो आणि त्या भानगडीत गॅस्केट (दोन भागांमधला गळतीरोधक थर) तेवढे फाटते.

पहिला प्रश्न पेट्रोलचा की ठिणगीचा, हा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा, कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल (पायाने उघडली जाणारी झडप) हाताने उघडावा. अ‍ॅक्सिलरेटर पंपातून (पाय दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या, कार्बोरेटरमधल्याच छोट्या पंपातून) पेट्रोलची बारीक धार उडाली, तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पातळी राखलेल्या कार्बोरेटरच्या साठ्यात, पेट्रोल आहे. धार नसेल तर वाटी कोरडी आहे किंवा त्या छोट्या पंपाचे वॉशर गेले आहे. ही तपासणी गाडी बंद पडल्याच्या क्षणी करायची. अर्ध्या तासाने वाटी भरलेली दिसली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याच वेळी ठिणगीही पाहावी. तापल्यावर दम टाकणारा आणि निवल्यावर सुधारणारा कंडेन्सर (ठिणगीच्या विद्युत जोडणीतला भाग) पेट्रोलच्या तक्रारीची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की मुरलेले मेकॅनिकही फसतात.

पुरवठ्याचा मार्ग दोन भागांत पाहावा लागतो. टाकीपासून मुख्य पेट्रोल पंपापर्यंतची बाजू ओढीची, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची दाबाची. दाबाच्या बाजूला भेग पडली तर पेट्रोल ठिबकते, वास येतो, दोष स्वतःच बोलतो. ओढीच्या बाजूची भेग मात्र इंजिन चालू असताना बाहेर थेंबही सांडत नाही. ती आत हवा घेते आणि पंप पेट्रोलऐवजी बुडबुडे ढकलत बसतो. म्हणून ‘गळती कुठेच नाही’ या निष्कर्षावर विसंबू नये. हा भाग वेगळा काढायची सोपी युक्ती म्हणजे पंपाच्या, पेट्रोल आत घेणाऱ्या तोंडाला छोट्या वेगळ्या डब्यातून पेट्रोल देऊन पाहणे. गाडी सुरळीत चालली तर दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

यांत्रिक पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) कॅमशाफ्टवरच्या (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दांड्यावरच्या) उत्केंद्री चकतीमुळे मागे ओढला जातो आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. म्हणजे दाब ठरवते ती स्प्रिंग. बहुतेक पंपांत तो चौरस इंचाला सुमारे ४ ते ७ पौंड असतो, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. नुसता दाब मोजून थांबणे धोक्याचे. फिल्टर जवळजवळ तुंबलेला असला तरी पुढे वाट बंद असताना मापकावर हळूहळू पूर्ण दाब चढतो. म्हणून बाटलीत पेट्रोल काढून मोजतात : इंजिन मंद गतीने चालत असताना सुदृढ पंप अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर देतो. नळी लांब घ्यावी, बाटली तापलेल्या मॅनिफोल्डपासून (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या संचापासून) दूर धरावी आणि आग विझवायचे सिलिंडर हाताशी ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते.

दाब बरोबर पण माप कमी, याचा अर्थ वाट अरुंद झाली आहे. असा ट्रक उभ्या उभ्या छान चालतो. भार घेऊन चढ लागला की काही अंतर जातो, मग झटके देऊन गुदमरतो, कारण वाटीत येते त्यापेक्षा जास्त पेट्रोल खर्च होते. काही कार्बोरेटरांत आत येणाऱ्या नळीच्या नटामागे आणखी एक छोटा फिल्टर असतो. तो अनेकांच्या लक्षातच नसतो. फक्त पाय दाबताच इंजिनाच्या जोरात क्षणभर खड्डा पडत असेल, तर तो दोष अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा, पुरवठ्याचा नव्हे.

वीस मिनिटांनी बंद पडून थोड्या विश्रांतीने पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीबाबत तीन संशयित असतात. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले, तर आत निर्वात वाढतो. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज होतो. टाकीतला गंज पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाच्या जाळीवर ओढला जाऊन साचतो आणि इंजिन थांबले की खाली बसतो. नळीतून टाकीकडे, उलट बाजूने हलकी हवा मारल्यावर गाडी तात्पुरती सुधारते. तिसरी वाफ. ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने तापलेल्या नळीत पेट्रोल लवकर उकळते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवून गाडी पूर्वपदावर आली, तर नळी एक्झॉस्टच्या किती जवळून गेली आहे ते पाहावे.

पेट्रोल जास्त येण्याची लक्षणे म्हणजे काळा धूर, काजळलेले प्लग आणि बंद केल्यावरही घशात ठिबकणारे थेंब. नीडलखाली (वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली) कण अडकतो किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरते. पितळी फ्लोट कानाशी हलवला की आतला खळखळाट ऐकू येतो. गरम पाण्यात बुडवला तर सूक्ष्म छिद्रातून बुडबुडे निघतात. हौसेने बसवलेल्या जास्त दाबाच्या इलेक्ट्रिक पंपापुढे चांगली नीडलही टिकत नाही. डायफ्राम फाटला तर पेट्रोल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या कप्प्यात) उतरू शकते. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

चोक (कार्बोरेटरमध्ये येणारी हवा कमी करणारी झडप) अर्धवट लावल्यावर इंजिन सुधारत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरते आहे. ही हवा पुरवठ्याचा दोष नसून त्याचा भास असतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर बिघडवते आणि टाकीतला साचलेला थर सैल करते, त्यामुळे ते वापरू लागल्यावर सुरुवातीला फिल्टर वारंवार बदलावा लागतो. नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आतला पापुद्रा सुटून ओढ लागताच झडपेसारखा मिटू शकतो. संशय आल्यास ओढीच्या बाजूची रबरी नळी तपासत बसण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते.