शाळेची जुनी इमारत पाडायची आहे? आधी निर्लेखन मंजूर करून घ्या

जिल्हा परिषद शाळेची जुनी खोली मोडकळीला आली की मे महिन्यात, चाकरमानी गावी असतानाच, श्रमदानाने ती उतरवून टाकू असं गावात ठरतं. हेतू चांगला, पण निर्लेखनाची, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करण्याची, लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एक कौलही काढू नका. मालमत्ता जिल्हा परिषदेची आहे. परस्पर पाडली तर खुलासा मुख्याध्यापकांकडे मागितला जातो आणि नव्या खोलीचा प्रस्तावही रखडतो.

पात्र इमारत म्हणजे वापरायला धोकादायक झालेली किंवा दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ उरलेला नाही अशी. हा निर्णय अभियंत्याचा, सरपंचांचा नाही. चार वासे कुजले, पागोळीला गळतं, एवढ्यावर निर्लेखन होत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा प्रस्ताव द्या. निसर्ग (३ जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) वादळात छप्पर गेलं असेल, तर तेव्हाचा पंचनामा शोधून जोडा. त्याने प्रस्तावाला वजन येतं.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा सभेला ते खरोखर हजर असू द्या; घरोघर वही फिरवून सह्या गोळा करू नका. ठरावात खोल्यांची संख्या, बांधकामाचं साल आणि मुलं सध्या कुठे बसतात हे स्पष्ट लिहा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, चारही बाजूंचे आणि आतले फोटो, मालमत्ता नोंदवहीचा उतारा, शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीनोंदीतला क्रमांक) आणि जागेचा सातबारा. प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, बांधकाम उपविभागाचे अभियंते पाहणी करून अहवाल व मूल्यांकन देतात आणि मग फाइल जिल्हा परिषदेत जाते.

कोकणात खरी मेख सातबाऱ्यात असते. आजोबांनी तोंडी दिलेली जागा, शाळा उभी राहिली, पण उताऱ्यावर नाव अजून त्यांचंच आणि वारस मुंबईत. नव्या बांधकामाच्या वेळी हे हमखास आडवं येतं. म्हणून निर्लेखनाची फाइल फिरत असतानाच बक्षीसपत्राच्या, म्हणजे जागा विनामोबदला दिल्याच्या नोंदणीकृत दस्ताच्या, मागे लागा. गणपतीला सगळे वारस गावी येतात. बोलणी तेव्हाच उरकून घ्या. दस्ताची नोंदणी मात्र दुय्यम निबंधकांसमोरच होते आणि सणाच्या सुट्टीला कार्यालय बंद असतं, तेव्हा तारखा आधी बघा.

मंजुरीनंतर साहित्याचा जाहीर लिलाव होतो. सागाचे वासे, रिपा, मंगलोरी कौलं, खिडक्यांचे गज आणि जांभ्याचे चिरे यांची यादी अभियंत्यांकडून नीट करून घ्या. चिरा मातीत बांधलेला असेल तर अखंड निघतो, सिमेंटात असेल तर निम्मा फुटतो. किंमत त्यावर ठरते. गावातल्या देवळाच्या कामाला चिरे फुकट द्या, असा आग्रह होईल. देऊ नका, त्यांनीही बोली लावावी. पैसे जिल्हा परिषदेकडे जमा होतात. मलबा उचलून जागा साफ करून द्यायची अट लिलावाच्या नोटिशीतच घाला, नाहीतर दगडमाती पावसाळाभर पटांगणात राहील.

पाडण्यापूर्वी महावितरणकडे अर्ज देऊन त्या खोलीची वीज तोडून घ्या. खोलीत मतदान केंद्र असेल तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा. पाडून झाल्यावर मालमत्ता नोंदवहीतली नोंद कमी करा आणि यू-डायसवर वर्गखोल्यांचा आकडा दुरुस्त करा.