एका ‘क’चा घोळ: चिकित्सा मानसशास्त्र आणि चिकित्सक मानसशास्त्र

क्लिनिकल सायकॉलॉजीला मराठीत चिकित्सा मानसशास्त्र म्हणतात, आणि क्रिटिकल सायकॉलॉजीला काही जण चिकित्सक मानसशास्त्र. या एका ‘क’पायी, दुसऱ्याबद्दल बोलायला लागलं की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे समुपदेशन ना?” नाही हो!

पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे: त्रास ऐकायचा, चाचण्या घ्यायच्या, निदान, उपचार. दुसऱ्यात तपासणीच्या टेबलावर खुद्द मानसशास्त्रच असतं: ते कुणाला आजारी ठरवतं, आणि का? १९७०च्या दशकात बर्लिनमध्ये क्लाउस होल्झकाम्प या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या नावाने काम उभं केलं. पदव्या, अभ्यासक्रम वगैरे फरक किरकोळ.

ठेच लागते ती पुढे. “म्हणजे या चिकित्सकवाल्यांच्या मते भावना खोट्या, आजार थोतांड!” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दिवसभर फोनवर गोड आवाजात लोकांच्या शिव्या ऐकणारी बाई घ्या. घरी कुणी दार आपटलं तरी तिला रडू फुटतं. पहिला तज्ज्ञ विचारेल: कधीपासून? झोप लागते का? हे प्रश्न हवेतच. दुसरा विचारेल: तिचा गोडवा पगारात कुणी धरला? आणि राग आला की ‘माझ्यातच खोट आहे’ असं म्हणायला ती कुठे शिकली? रडणं दोघांच्याही लेखी खरंच. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या हसण्याबद्दल जे मांडलं, की ते हसणं हाही पगारासाठी करायच्या कामाचाच भाग असतो, ते इथे नेमकं लागू पडतं.

भावना कुठून आल्या हे न विचारता आपण त्या कवटाळतो, तसंच ज्ञानालाही कवटाळतो. ‘शास्त्राने सिद्ध केलंय’ म्हटलं की विषय संपला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. काही सदस्य खवळले, म्हणून १९७४ मध्ये मतदान झालं. ५८ टक्के मतं निर्णयाच्या बाजूने पडली. काल आजारी असलेली माणसं आज बरी झाली, ती कुठलाही उपचार न घेता! ती यादी कोण करतं, कुणाच्या दबावाखाली बदलतं, यात चिकित्सक मानसशास्त्राला रस. यावरून ‘मग सगळं ज्ञान म्हणजे नुसती मतं’ असं म्हणणाऱ्यांचाही मला तेवढाच वैताग येतो. यादी माणसांनी केली म्हणून त्या बाईची उडालेली झोप परत येत नाही.

माझं म्हणाल तर क्लिनिकलला ‘नैदानिक’ म्हणावं आणि ‘चिकित्सक’ हा शब्द दुसऱ्यासाठी मोकळा ठेवावा. आणि ‘गोळ्या बंद कर, हे सगळं समाजाने लादलंय’ असा सल्ला देणाऱ्याने यातलं एकही धड वाचलेलं नाही, हे ओळखावं.